फीवरचा कर, सवलतीचा हिशेब

१ जानेवारी २०२५ ला ब्रिटनमधल्या शाळा नाताळच्या सुट्टीमुळे बंद होत्या. त्याच दिवसापासून तिथल्या खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागू झाला. व्हॅट हा कर ब्रिटनमध्ये आला १९७३ साली, आणि तेव्हापासून शाळेची फी त्यातून सुटलेली होती. पन्नास वर्षांहून जास्त काळ मिळालेली ही सूट गेली, आणि ती जावी की राहावी यावरून संसदेत, न्यायालयात आणि घराघरांत मोठा वाद झाला. तो अजून पुरता शमलेला नाही.

इंग्लंडमधली जेमतेम सात टक्के मुलं खासगी शाळांत शिकतात. उरलेली त्र्याण्णव टक्के सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांत जातात. मग सात टक्क्यांच्या फीवरून एवढा गदारोळ का? कारण ही सात टक्के मुलं पुढे कुठे पोचतात ते सगळ्यांना माहीत आहे. सटन ट्रस्ट या संस्थेने २०१९ साली केलेल्या पाहणीत वरिष्ठ न्यायाधीशांपैकी ६५ टक्के, खात्यांच्या सर्वोच्च सचिवांपैकी ५९ टक्के आणि हाउस ऑफ लॉर्ड्सच्या सभासदांपैकी ५७ टक्के लोक खासगी शाळांतून आलेले निघाले. शाळेच्या फीबरोबर तिथे पुढच्या आयुष्यातली जागाही विकत घेतली जाते, अशी तिथल्या सामान्य माणसाची भावना आहे, आणि आकडे त्याच्या बाजूने आहेत.

माझं मत आधीच सांगते. करसवलत हा सरकारी खर्चच असतो. पैसा तिजोरीतून बाहेर गेला काय किंवा तिजोरीत आलाच नाही काय, तूट तेवढीच पडते. म्हणून खर्चाचा हिशेब मागतात तसा सवलतीचाही मागायला हवा. ब्रिटनने तो मागितला हे योग्यच केलं. तो मागताना काही मुलांवर अन्याय झाला, हेही तितकंच खरं आहे. आपल्याकडे तर हा हिशेब कुणी विचारतच नाही. म्हणून परदेशातला हा वाद मराठी वाचकापुढे सविस्तर मांडावासा वाटला.

ईटन कॉलेज १४४० साली सहाव्या हेन्री राजाने स्थापन केलं ते सत्तर गरीब मुलांना मोफत शिकवण्यासाठी. विंचेस्टर त्याहून जुनं, १३८२ चं. अशा जुन्या शाळांचा पाया दानधर्माचा आहे. पुढच्या शतकांत मोफत शिकणारी मुलं मूठभर उरली आणि फी भरणाऱ्यांनी वर्ग भरले. ईटनने देशाला वीस पंतप्रधान दिले. डेव्हिड कॅमेरॉन आणि बोरिस जॉन्सन तिथलेच. ऋषी सुनक विंचेस्टरचे, आणि आपले पंडित नेहरू हॅरोचे. शाळेत शिकणारा वर्ग बदलला, कायद्यातला दर्जा मात्र धर्मादाय संस्थेचाच राहिला. आजही इंग्लंडमधल्या सुमारे निम्म्या खासगी शाळा धर्मादाय म्हणून नोंदलेल्या आहेत. या दर्जामुळे त्यांना इमारतींवरच्या स्थानिक करात ८० टक्के सूट मिळायची. स्कॉटलंडने ती २०२२ मध्येच काढून घेतली, इंग्लंडमध्ये ती एप्रिल २०२५ पासून गेली.

व्हॅटची सूट यापेक्षा वेगळी. ती धर्मादाय असो वा नफ्यासाठी चालणारी असो, सगळ्याच शाळांना होती. ब्रिटन युरोपीय संघात होतं तोवर संघाच्या नियमांप्रमाणे शिक्षण व्हॅटमुक्त ठेवावं लागे. त्यामुळे एखाद्या सरकारच्या मनात कर लावायचं आलं असतं, तरी हात बांधलेले होते. ब्रेक्झिटनंतर ते सुटले.

ही कल्पना फक्त डाव्यांची असं समजायचं कारण नाही. मायकेल गोव्ह हे हुजूर पक्षाचे नेते आणि माजी शिक्षणमंत्री. त्यांनी २०१७ साली ‘टाइम्स’मधल्या आपल्या स्तंभात खासगी शाळांच्या फीवर व्हॅट लावा, अशी मागणी केली होती. त्याच वर्षी जेरेमी कॉर्बिन यांच्या मजूर पक्षाने जाहीरनाम्यात लिहिलं की, या करातून सगळ्या प्राथमिक शाळांतल्या मुलांना मोफत जेवण देऊ. २०२४ मध्ये कीर स्टार्मर यांच्या जाहीरनाम्यात जेवणाची जागा शिक्षकांनी घेतली: या पैशातून सरकारी शाळांसाठी साडेसहा हजार नवे शिक्षक नेमू. ४ जुलैला निवडणूक झाली, मजूर पक्ष सत्तेवर आला, आणि २९ जुलैला अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी तारीखच जाहीर केली. त्या दिवसापासून कुणी जानेवारीनंतरच्या सत्रांची फी आगाऊ भरली, तरी ती करातून सुटणार नव्हती. मार्ग काढण्याआधीच बंद केला गेला.

वर्षाच्या मध्यावर हा कर लावल्याचा पालकांना सगळ्यात जास्त राग आला, आणि तो मला पटतो. शाळा तिथे सप्टेंबरात सुरू होतात. जानेवारीत मुलाची शाळा बदलायची म्हणजे विषय, पाठ्यक्रम, मित्र, सगळं अर्ध्यात तोडायचं. दहावीच्या तोडीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलाला तर ते अशक्यच. सरकार सप्टेंबर २०२५ पर्यंत थांबलं असतं, तर त्या दोन सत्रांचा महसूल बुडाला असता, पण बराचसा कडवटपणा टळला असता.

आता हा कर प्रत्यक्ष बिलात कसा उतरला ते पाहू. स्वतंत्र, म्हणजे खासगी, शाळांच्या परिषदेच्या गणनेनुसार जानेवारी २०२४ मध्ये घरून ये-जा करणाऱ्या मुलाची एका सत्राची सरासरी फी ६,०२१ पौंड होती. वर्षात तीन सत्रं. जानेवारी २०२५ मध्ये व्हॅट धरून तीच फी ७,३८२ पौंड झाली. वाढ २२.६ टक्क्यांची. वर्षाचे बावीस हजार पौंड, म्हणजे तेव्हाच्या दराने आपल्या पैशात चोवीस लाखांच्या घरात. ईटनसारख्या निवासी शाळेची फी ५२ हजारांवरून ६३ हजार पौंडांवर गेली.

हे आकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहेत, कारण हिशेबाने वाढ एवढी व्हायला नको होती. व्हॅटच्या रचनेत विक्रीवर कर लागतो, तेव्हा विक्रेत्याला त्याने स्वतः खरेदीवर भरलेला कर परत मिळतो. शाळा करमुक्त होती तोवर तिला फळ्यापासून छताच्या दुरुस्तीपर्यंत कशावरही भरलेला व्हॅट परत मिळत नव्हता. आता मिळू लागला. म्हणून इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या अभ्यास संस्थेने २०२३ मध्येच अंदाज बांधला होता की शाळांवरचा खरा बोजा २० नव्हे, १५ टक्क्यांच्या आसपास असेल. सरकारला तर वाटत होतं की शाळा काही भार स्वतः सोसतील आणि फी सरासरी दहा टक्केच वाढेल. शाळांनी भार फारसा सोसला नाही. दरवर्षीची नेहमीची फीवाढ केली, वर कर चढवला. शिक्षकांच्या निवृत्तिवेतनातला शाळांचा वाटा वाढला आहे, स्थानिक करातली सूट जाणार आहे, कर्मचाऱ्यांच्या राष्ट्रीय विम्याचा मालकाचा हप्ताही एप्रिल २०२५ पासून वाढतो आहे, मग आम्ही कुठून भरायचं, असं त्यांचं तेव्हाचं म्हणणं. त्यात तथ्य आहे. पण याच शाळांनी २००३ ते २०२३ या काळात महागाई वजा जाता ५५ टक्के फी वाढवली होती, तेव्हा असं काही कारण नव्हतं. आणि तेवढ्या वाढीनंतरही मुलांची संख्या जवळजवळ होती तेवढीच राहिली, हेही इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीजनेच दाखवून दिलं. ज्यांची ऐपत आहे ते भरत राहिले.

कर परत मिळण्याच्या नियमात एक बारीक गोष्ट आहे, तिच्याकडे फार कुणाचं लक्ष गेलं नाही. गेल्या दहा वर्षांत मोठं बांधकाम केलेल्या शाळांना त्या बांधकामावर भरलेल्या व्हॅटचा काही भागही परत मागता येतो. म्हणजे ज्या शाळेने नाट्यगृह बांधलं, पोहण्याचा तलाव बांधला, तिच्या हातात काही रक्कम येणार. चार खोल्यांत चालणाऱ्या, कधीच काही न बांधलेल्या छोट्या शाळेला यातलं काही मिळणार नाही. एकच दर सगळ्यांना लावला तरी तो सगळ्यांवर सारखा पडत नाही, हे इथे उघड दिसतं.

माझी एक मावसबहीण रेडिंगजवळ राहते. नवरा-बायको दोघंही नोकरी करतात, मुलगी खासगी शाळेत. त्या भागात, स्लाव आणि हॅरोच्या बाजूलाही, भारतीय घरं पुष्कळ आहेत. अनेकांची पहिली धाव ग्रामर स्कूलकडे असते. ही सरकारी शाळाच, पण अकराव्या वर्षी प्रवेशपरीक्षा घेऊन मुलं निवडणारी. साऱ्या इंग्लंडमध्ये अशा १६३ शाळा उरल्या आहेत, आणि एकेका जागेसाठी झुंबड असते. बहिणीच्या मुलीचा नंबर थोडक्यात हुकला, म्हणून खासगी शाळा. फोनवर ती सांगत होती, “ताई, बिलात ओळ एकच वाढली गं. वरती फी, खाली व्हॅट. पण त्या एका ओळीपायी आम्ही यंदा सांगलीला आलो नाही. गाडी बदलायची होती, तीही राहिली.”

मी विचारलं, “मग सरकारवर राग आहे का?”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “राग येतो गं. आम्ही काही लॉर्ड नाही. पण खरं सांगू? हिच्या वर्गात सोळा मुलं आहेत. समोरच्या घरातला मुलगा सरकारी शाळेत जातो, त्याच्या वर्गात तीस. त्याची आई माझ्याच ऑफिसात काम करते. तिच्या तोंडावर मी कशी म्हणू, की मला सूट पाहिजे म्हणून?”

तिला ही अडचण जाणवली. करविरोधी मोहिमेत मात्र ही अडचण फारशी ऐकू आली नाही. मोहिमेत पुढे केला गेला तो पोटाला चिमटा काढून फी भरणारा पालक. असे पालक आहेतच, माझी बहीण त्यांतलीच. पण सगळ्या खासगी शाळांचं चित्र म्हणून तोच उभा करणं सरळपणाचं नव्हतं. २०१० साली खासगी शाळेची सरासरी फी आणि सरकारी शाळेतला दरडोई खर्च यांत ४० टक्क्यांचा फरक होता. २०२२-२३ मध्ये तो ९० टक्क्यांवर गेला: एका बाजूला १५,२०० पौंड, दुसऱ्या बाजूला आठ हजार. मधल्या काळात काटकसरीच्या नावाखाली सरकारी शाळांतला दरडोई खर्च महागाईच्या मानाने नऊ टक्के घटला होता. ज्या पालकांनी तेव्हा सरकारी शाळांची छपरं गळताना पाहिली, त्यांना खासगी शाळांवरच्या कराचं दुःख वाटलं नाही, तर त्यांना दोष देता येणार नाही.

तरीही या करात एक जखम आहे, आणि ती न्यायालयात उघडी पडली.

एप्रिल २०२५ च्या पहिल्या तीन दिवसांत लंडनच्या उच्च न्यायालयात तीन न्यायमूर्तींपुढे या कराविरुद्धच्या अर्जांची सुनावणी झाली: डेम व्हिक्टोरिया शार्प, लॉर्ड जस्टिस न्यूई आणि जस्टिस चेंबरलेन. अर्जदारांत मुलं होती, म्हणून त्यांची नावं न छापता फक्त अक्षरी खुणा वापरल्या. शाळांच्या परिषदेचा पाठिंबा असलेल्या कुटुंबांतर्फे लॉर्ड पॅनिक यांच्यासारखे नामांकित वकील उभे होते. कमी फीच्या छोट्या ख्रिस्ती शाळा आणि तिथले पालकही आले होते. त्यांचा दावा असा की, धर्माच्या शिकवणुकीत मूल वाढवायचं तर आम्हाला दुसरी शाळाच नाही. आणि होती विशेष गरजा असलेली मुलं, म्हणजे स्वमग्नता, अध्ययन-अक्षमता, कमालीची चिंता यांनी ग्रासलेली. सरकारी शाळेच्या तीस मुलांच्या गोंगाटात ती टिकली नाहीत, म्हणून आईबापांनी छोटे वर्ग असलेली खासगी शाळा शोधली.

अशा मुलांसाठी कायद्यात वाट आहे. स्थानिक प्रशासन मुलाची तपासणी करून त्याच्या शिक्षणाचा आणि आरोग्याचा एक अधिकृत आराखडा करतं. त्या आराखड्यात खासगी शाळेचं नाव असेल, तर फी प्रशासन भरतं आणि व्हॅट परत मिळवतं. पालकाला तोशीस नाही. अडतं ते आराखडा नसलेल्या मुलांपाशी. खासगी शाळांत अशी मुलं एक लाखाच्या आसपास आहेत. त्यांच्या पालकांना पूर्ण व्हॅट भरावा लागतो. आराखडा मिळवा, असं सांगणं सोपं आहे. कायद्याने तो वीस आठवड्यांत व्हायला हवा, पण २०२४ मध्ये निम्म्याहून कमी आराखडे मुदतीत झाले. सरकारची व्यवस्था वेळेत काम करत नाही, म्हणून पालक पदरमोड करतो, आणि त्या पदरमोडीवर सरकारच कर घेतं. हे मला कुठल्याही तत्त्वात बसवता येत नाही. ज्या मुलाचं निदान झालं आहे आणि आराखड्याचा अर्ज पडून आहे, निदान त्याला तरी निकाल लागेपर्यंत सूट द्यायला हवी होती. सैन्यातल्या कुटुंबांच्या शिक्षणभत्त्यात वाढ करून सरकारने त्यांना सांभाळून घेतलं, तेव्हा इथेही मार्ग निघाला असता.

१३ जूनला निकाल आला आणि सगळे अर्ज फेटाळले गेले. काही अर्जदारांच्या मानवी हक्कांना या कायद्याने बाधा येते, हे न्यायालयाने मान्य केलं. पण कुणाला झळ बसेल आणि त्या पैशातून कुणाचं भलं होईल, याचा तोल साधण्याचं काम संसदेचं आहे, आणि तिला त्यात बराच मोकळा हात असतो, असं न्यायमूर्तींनी म्हटलं. पालकाला खासगी शाळा निवडण्याचा हक्क आहे, सरकारने ती निवड स्वस्त करून द्यावी असा हक्क मात्र नाही. निकालाचा मला कळलेला गाभा एवढाच. कायद्याच्या दृष्टीने तो बरोबर आहे. विशेष गरजांच्या मुलांचा प्रश्न न्यायालय सोडवू शकत नव्हतं. तो मंत्रिमंडळाने सोडवायचा होता, आणि तिथे हयगय झाली.

मुलांच्या संख्येचं काय झालं? इंग्लंडमधल्या खासगी शाळांतली मुलं जानेवारी २०२५ पर्यंतच्या एका वर्षात ५,९३,५०० वरून ५,८२,५०० वर आली. अकरा हजारांची घट. सरकारने त्या शैक्षणिक वर्षापुरता तीन हजारांचा अंदाज दिला होता, म्हणून शाळा म्हणाल्या, बघा, तिपटीहून जास्त. सरकारचं उत्तर असं की, जन्मदर घसरल्यामुळे सगळ्याच शाळांत मुलं कमी होत आहेत, आणि शेवटी सदतीस हजार मुलं जातील हे आम्ही आधीच सांगितलं होतं. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, आणि एका वर्षाच्या आकड्यावरून कुणीच निकाल लावू नये. काही छोट्या शाळा बंद पडल्या. त्या आधीच रडतखडत चालल्या होत्या की करानेच मेल्या, हे प्रत्येक शाळेचे हिशेब उघडल्याशिवाय सांगता येणार नाही.

माझी खरी शंका वेगळी आहे. सरकारला या करातून वर्षाला दीड अब्ज पौंड आणि पुढे त्याहून थोडे जास्त मिळतील अशी अपेक्षा आहे. साडेसहा हजार शिक्षक हा आकडा भाषणात मोठा वाटतो, पण इंग्लंडमध्ये सरकारी शाळा बावीस हजारांच्या आसपास आहेत. म्हणजे तीन शाळांमागे एक शिक्षकही धड येत नाही. शिवाय हा पैसा जातो सामान्य तिजोरीत. शिक्षकांसाठी त्याची वेगळी थैली नाही. ज्या पालकाच्या खिशाला चाट बसली त्याला, आणि ज्याच्या मुलासाठी ही बसवली गेली त्यालाही, पैसा कुठे गेला हे दाखवता आलं पाहिजे. खासगी शाळांकडे हिशेब मागणाऱ्या सरकारने स्वतःचाही हिशेब दरवर्षी मांडावा.

आता आपल्याकडे येते.

वेलिंग्टन कॉलेज ही १८५९ साली इंग्लंडमध्ये उघडलेली शाळा. ज्याच्या स्मरणार्थ ती निघाली तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणजे २३ सप्टेंबर १८०३ ला आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला मराठी फौजांशी लढलेला आर्थर वेल्स्ली. २०२३ मध्ये या शाळेच्या नावाची आंतरराष्ट्रीय शाळा पुण्यात सुरू झाली. बऱ्याच ब्रिटिश शाळा अशा परदेशी शाखांतून उत्पन्न मिळवतात, त्यात वावगं काही नाही. पण आज एकाच नावाच्या दोन शाळांपैकी इंग्लंडमधल्या शाळेच्या फीवर २० टक्के कर आहे आणि पुण्यातल्या फीवर शून्य.

हे शून्य जीएसटीतलं आहे. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा बालवाडीपासून बारावीपर्यंतचं शालेय शिक्षण करातून वगळलं गेलं. महिन्याला सातशे रुपये घेणारी वस्तीतली शाळा असो की वर्षाला सात-आठ लाख घेणारी आंतरराष्ट्रीय शाळा, दोघींना एकच नियम. कोचिंग क्लासवर मात्र १८ टक्के. वर्षाला वीस लाखांच्या आत उलाढाल असलेला गल्लीतला क्लास त्यातून सुटतो, पण नावाजलेला क्लास सुटत नाही. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली शेतकऱ्याची मुलगी लातूरला येऊन नीटच्या क्लासला लाखभर रुपये भरते, तेव्हा त्यावर अठरा हजार कर चढतो. मुंबईत दहा लाख फी भरणारं कुटुंब फीवर एक रुपयाही कर देत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये वह्या-पेन्सिलींवरचा जीएसटी शून्य झाला तेव्हा सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. पण या अठरा टक्क्यांबद्दल कुणी बोललं नाही.

आयकरातही तेच. जुन्या पद्धतीने विवरणपत्र भरणाऱ्याला दोन मुलांच्या शिकवणी शुल्कावर, एकूण दीड लाखाच्या मर्यादेत, वजावट मिळते. जो आयकर भरतच नाही, त्या रिक्षावाल्याला किंवा घरकाम करणाऱ्या बाईला यातलं काही मिळायचा प्रश्नच नाही, फी त्यांनीही भरली तरी.

म्हणून ब्रिटनसारखा सरसकट कर आपण लावावा का? मुळीच नको. तिथे खासगी शाळेत सात टक्के मुलं. आपल्याकडे केंद्र सरकारच्या २०२५ च्या शिक्षणविषयक पाहणीत शहरी भागातली फक्त ३० टक्के मुलं सरकारी शाळांत निघाली. खासगी म्हणजे श्रीमंत, हे समीकरण इथे लागूच पडत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावी स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था सरकारी नाही. महाराष्ट्राचं बरंचसं शिक्षण अशा संस्थांच्या अनुदानित शाळांनी उभं केलं. आणि वस्तीतली ती सातशे रुपयांची विनाअनुदानित शाळा? तिथे मुलं जातात कारण पालकांचा महापालिकेच्या शाळेवरचा विश्वास उडाला. त्यांच्या फीवर कर लावणं हे पाप होईल.

पण वरच्या टोकाला, जिथे वर्षाची फी चार-पाच लाखांच्या पुढे आहे, तिथे सूट का असावी, याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही. एका मर्यादेच्या वरच्या फीवर कर लावावा आणि तो क्लासवरच्या करात सूट देण्यासाठी किंवा महापालिका शाळांसाठी वेगळा काढून ठेवावा. हे अवघड नाही. जीएसटी परिषदेने मनावर घ्यायचं आहे.

कर नको असेल, तर सवलतीच्या बदल्यात समाजाला काही द्यावं. तशी तरतूद आपल्याकडे शिक्षणहक्क कायद्यात आहे: विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गातल्या २५ टक्के जागा दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या. तिचं काय झालं? ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागा देण्यातून मोकळीक. शहरात असा एक किलोमीटर शोधूनही सापडणार नाही, जिथे अशी शाळा नाही. म्हणजे व्यवहारात श्रीमंत शाळांची दारं बंदच. पालक आणि संघटना उच्च न्यायालयात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात स्थगिती दिली आणि १९ जुलैला तो बदल रद्द केला. सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. ब्रिटनचं सरकार सवलत काढून घेत होतं, त्याच वर्षी आपलं सरकार सवलत ठेवून बदल्यातली जबाबदारी माफ करायला निघालं होतं. ही गोष्ट मला फार लागली.

शाळांची बाजूही ऐकायला हवी. या २५ टक्के मुलांच्या फीची प्रतिपूर्ती सरकार वर्षानुवर्षं थकवतं. छोट्या शाळेला ते परवडत नाही, आणि ती मुलांना नको म्हणू लागते. दोष तिथे सरकारचा आहे. ज्या शाळेची फी लाखांत आहे, तिने मात्र ही तक्रार पुढे करू नये.

आपल्याकडे शिक्षणात नफेखोरी चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने २००२ साली टी. एम. ए. पै खटल्यात सांगितलं आहे. वाजवी शिल्लक चालेल, नफेखोरी नाही. शिल्लक वाजवी आहे की नाही हे पाहायचं, तर हिशेब समोर यायला हवेत, आणि ते मागायचा अधिकार पालकांना आहे. महाराष्ट्राचा शुल्क विनियमन कायदा २०११ चा. त्यानुसार प्रत्येक शाळेत पालक-शिक्षक संघ असला पाहिजे, त्याची कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडली पाहिजे, आणि पुढच्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव व्यवस्थापनाने वर्ष सुरू होण्याच्या सहा महिने आधी कागदपत्रांसह या समितीपुढे ठेवला पाहिजे. शाळा जूनमध्ये उघडते. सहा महिने आधी म्हणजे डिसेंबर.

दिवाळीची सुट्टी संपली की शाळेत जा, कार्यकारी समितीत कोण आहे ते विचारा, चिठ्ठ्या कधी टाकल्या ते विचारा आणि फीच्या प्रस्तावाबरोबरचे कागद पाहायला मागा. एकट्याने जाऊ नका. चार पालक मिळून जा.